झोपमोड झालेल्या दोन ओळी

“आधी ते पानी बंद करा. मंग बोला.”

वर्षालीने मान वर केली. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, एक तरुण धावत येत होता. त्याच्या एका पायात चप्पल होती, दुसरी मागे ढेकळांत कुठेतरी राहिली होती.

वर्षालीच्या कानाला एक फोन होता आणि हातात दुसरा. हातातल्या फोनवरून तिने विहिरीवरची मोटर नुकतीच सुरू केली होती. ठिबकच्या नळ्यांतून पाणी संत्र्याच्या बगीच्यात पोचू लागलं होतं. तिचं कामच ते. कंपनीचा मोबाईल स्टार्टर शेतकऱ्याच्या विहिरीवर बसवायचा, चालवून दाखवायचा, फोटो काढायचा आणि स्कूटरला किक मारून पुढच्या गावाला निघायचं.

“टेस्टिंग आहे,” ती म्हणाली. “दहा मिनिटं लागतील.”

“दहा मिनिटांत माहा बगीचा जागा होते.”

तो खाली बसला आणि त्याने स्वतःच्या हाताने वॉल्व फिरवून बंद केला. नळ्यांमधली सळसळ थांबली.

“जागा म्हणजे?”

“झाडं निजून राहिली, मॅडम.”

थट्टा करतोय की काय, म्हणून वर्षालीने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. धाप लागली होती त्याला, आणि डोळ्यांत... राग म्हणावा तर राग नव्हता. पाळण्यातल्या बाळाजवळ कुणी भांडं पाडलं की आईच्या डोळ्यांत येतं, तसं काहीतरी होतं.

तेवढ्यात त्याचे वडील, खुशालराव, विहिरीकडून सावकाश चालत आले. “अमोल, मी सांगतलं होतं मॅडमले. बगीच्याचा वॉल्व उघडू नका, पानी नालीत सोडून पाहा म्हनलं. त्यायनं हो म्हनलं.”

वर्षालीला आठवलं. काका काहीतरी सांगत होते खरे. त्याच वेळी ती फोनवर पुढच्या गिऱ्हाइकाला ‘पोचतेच’ म्हणत होती. तिने दोघांनाही एकदमच ‘हो’ म्हटलं होतं, आणि ऐकलं एकाचंही नव्हतं.

तुम्ही संत्र्याचा बगीचा जवळून पाहिला नसेल, तर एवढं समजून घ्या. थंडीच्या सुरुवातीला झाडांचं पाणी तोडतात. झाड वाढायचं थांबतं, पानांची चमक जाते, थोडी पानं गळतातही. वरून पाहणाऱ्याला वाटतं, झाड सुकलं. पण आत ते विसावलेलं असतं आणि त्या विसाव्यातच फुलांची तयारी होत असते. मग योग्य दिवशी पाणी सोडायचं, की पंधरवड्यात बाग फुलांनी पांढरी होते; हा अंब्या बहार. वऱ्हाडात याला बगीचा ताणावर सोडणं म्हणतात. मध्येच पाणी मिळालं तर झाडाला वाटतं, झाली सकाळ. मग ते नुसताच पाला फोडतं.

“किती झाडं भिजली?” वर्षालीने हळूच विचारलं.

“या दोन ओळी.”

“मग आता यांना फुलं...?”

“येतील, नाई तं नाई येतील. बहाराले समजन.”

तिने कानाचा फोन बंद केला. सकाळपासून पहिल्यांदाच. अकोल्याहून पहाटेची गाडी, बडनेऱ्याच्या स्टँडवर ठेवलेली स्कूटर, तिथून नांदगाव खंडेश्वर, मग हे गाव. आणि कुणाचं तरी वर्षाचं पीक तिने ‘हो’ म्हणून भिजवलं होतं.

“मी काय करू आता?” तिचा आवाज बारीक झाला.

अमोल काहीतरी टोचून बोलणार होता. पण तिचा चेहरा पाहून त्याने ते गिळलं. “जेवल्या काय?”

वर्षालीला विचार करावा लागला. तो किंचित हसला.

“ताणावर सोडल्यावर फुलं येतात म्हणता,” ती ओशाळून म्हणाली, “मग मी तर बारा महिने फुलायला पाहिजे.”

“तुमाले कोनं ताणावर सोडलं? तुमाले तं रोजच पानी चालू हाये. हा फोन झाला की थो फोन.”

तिने आपल्या दोन्ही फोनांकडे पाहिलं.

“रविवारी सुट्टी असते?” त्याने विचारलं. “मंग येजा. या दोन ओळी कशा वागतात थे रोज पाहा लागन. माह्या एकट्याच्यानं होत नाई.”

हे खोटं होतं. बगीच्यातलं झाड अन् झाड तो एकट्याने पाहत आला होता. खुशालरावांनी मुलाकडे एकदा पाहिलं आणि ते न बोलता विहिरीकडे निघून गेले.

पहिल्या रविवारी वर्षालीने दोन ओळींतल्या प्रत्येक झाडाचे फोटो काढले. थोड्याच वेळात काम संपलं.

“झालं. पुढे?”

“पुढं काई नाई.”

“मग मी काय करू?”

“बसा.”

ती बसली. फोन पाहिला. उठली. गळलेली पानं गोळा करून त्यांचा नीट ढीग केला, पुन्हा बसली.

“बसल्या बसल्याही धावूनच राहिल्या तुमी,” अमोल म्हणाला. “पाय पाहा.”

तिचा उजवा पाय शिलाई मशीनवर ठेवल्यासारखा हलत होता. तिने गुडघ्यावर हात दाबला. हात काढला की पाय पुन्हा सुरू.

“लहानपनापासून हाये?”

“नाही... बाबा गेले तेव्हापासून.” हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. “धावत असलं की कोणी विचारत नाही, कशी आहेस. थांबलं की घरातली त्यांची खुर्ची दिसते.”

अमोलने उपदेश केला नाही. ‘धीर धरा’ नाही, ‘काळ हेच औषध’ नाही. त्याने फक्त आपली गोणपाटाची घडी तिच्याकडे सरकवली, म्हणजे ढेकळं टोचू नयेत. वर्षालीला ते फार बरं वाटलं. का, ते तिला रेल्वेत मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत कळलं नाही.

पुढच्या रविवारी ती झाडाखाली चक्क झोपली. जाग आली तेव्हा ऊन कललं होतं, अंगावर कुणाची तरी शाल होती आणि अमोल थोड्या अंतरावर काठी घेऊन बसला होता.

“काय करताय?”

“शेळ्या हाकलून राहिलो. तुमच्या ओढणीवर डोया होता एकीचा.”

“मला उठवायचं नाही का?”

“निजलेल्याले उठवलं की काय होते, थे तुमाले मालूम हाये.”

ती हसली. मोकळं, मोठ्याने. तिच्याच कानांना तो आवाज अनोळखी वाटला.

त्या संध्याकाळी अमोलच्या आई आशाबाई तिला गावच्या सामुदायिक प्रार्थनेला घेऊन गेल्या. मंदिरापुढे सतरंज्या अंथरलेल्या, बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, सगळे सरळ रांगेत. प्रार्थना झाली, खंजिरी थांबली आणि मग सगळा गाव काही वेळ डोळे मिटून गप्प बसला. एवढी माणसं एकत्र गप्प बसतात, हे वर्षालीने कधी पाहिलं नव्हतं. आधी तिला उद्याची गावं आठवली. मग एका घराच्या चुलीचा धूर नाकात आला. मग आपलाच श्वास ऐकू आला... आणि मग बाबांची खुर्ची दिसली. या वेळी ती उठून पळाली नाही. खुर्ची समोर होती, ती खुर्चीसमोर होती. डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने येऊ दिलं. आशाबाईंनी डोळे न उघडताच तिचा हात हातात घेतला.

परतताना अमोल म्हणाला, “आज पाय हलला नाई तुमचा.”

“तुम्ही प्रार्थनेत माझा पाय पाहत होतात?”

“एकच डोया उघडा होता.”

“देवाला काय वाटलं असेल?”

“देव माफ करन. त्यानंही पाह्यला असन.”

वर्षालीने मान वळवली. अंधार पडत होता म्हणून बरं, नाहीतर तिच्या गालांचा रंग त्याला दिसला असता.

संक्रांत झाली आणि दोन-तीन दिवसांत अकोल्याच्या ऑफिसात साहेबांनी तिला बोलावलं. नाशिकची जागा रिकामी झाली होती. मोठा भाग, मोठी जबाबदारी, कंपनीची गाडी. “तुमच्याइतकं धावणारं माणूस आमच्याकडे नाही,” साहेब कौतुकाने म्हणाले. “संध्याकाळपर्यंत सांगा.”

महिन्यापूर्वी तिने तिथल्या तिथे ‘हो’ म्हटलं असतं.

तेवढ्यात फोन थरथरला. अमोलचा निरोप होता. “पाला पुरा मलूल झाला. आज पानी सोडाचं. बटन तुमच्या फोनवरही हाये ना? तुमीच सोडा.”

तिने ॲप उघडलं. हिरवं बटण समोर होतं. ते एकदा दाबलं की तिकडे दूर नांदगावजवळ विहीर घुमली असती. बसल्या जागेवरून पाणी... हेच सांगून तिने गावोगावी स्टार्टर विकले होते. तिचं बोट बटणाजवळ गेलं आणि तसंच थांबलं.

तिने लिहिलं, “थांबाल का? मी येते.”

उत्तर आलं. “बगीचा सव्वा महिना थांबला. मी संध्याकाळलोक थांबतो.”

“सर,” ती साहेबांना म्हणाली, “नाशिक नको. मला अमरावती जिल्हा द्या. काम चोख करीन. पण रविवारी माझा फोन बंद असेल.”

साहेबांनी चष्मा काढला. “अहो, घाईत ठरवू नका.”

“घाई केली असती तर हो म्हटलं असतं, सर.”

त्या दिवशी तिला पॅसेंजर मिळाली, प्रत्येक स्टेशनवर निवांत उभी राहणारी. ती खिडकीशी बसली. कपाशीची वेचून रिती झालेली वावरं मागे जात होती, डब्यात कुणीतरी हरभऱ्याचा टहाळ सोलून वाटत होतं. तिलाही ओंजळभर मिळाला. तिने एकेक दाणा खाल्ला.

बगीच्यात पोचली तेव्हा सूर्य झाडांच्या पलीकडे उतरला होता. अमोल वॉल्वपाशी उकिडवा बसला होता, या वेळी दोन्ही चपला घालून. खुशालरावांनी विहिरीवर मोटर सुरू केली आणि तिने वॉल्वच्या चाकावर हात ठेवला. चाक घट्ट होतं. त्याने तिच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून ते फिरवलं. आधी नळ्यांत हवा खाकरली, मग पाणी आलं. कोरड्या मातीचा वास वर आला.

त्याने हात काढून घेतला नाही. तिनेही नाही.

“मला नाशिकला पाठवत होते. मी नाही म्हणाले.”

त्याने पाण्यावरची नजर न हलवता विचारलं, “काहून?”

“इथे माझ्या दोन ओळी आहेत ना.”

फेब्रुवारी लागला. फाट्यावरून स्कूटर गावाकडे वळली आणि फुलं दिसायच्या आधीच वास आला. तिने इंजिन बंद केलं आणि तशीच उभी राहिली. मग पुढचा रस्ता गाडी हातात धरून चालत आली.

सगळा बगीचा पांढरा झाला होता. मधमाश्यांचा गुंजारव एखाद्या मोठ्या तंबोऱ्यासारखा भरून राहिला होता. आणि त्या पांढऱ्यात दोन ओळी हिरव्यागार होत्या. पाला कसा टवटवीत... पण फुलं एखाददुसऱ्या फांदीवर, चुकून राहिल्यासारखी.

वर्षाली त्यांच्यापुढे उभी राहिली. “माझ्यामुळे.”

“हो,” अमोल म्हणाला. खोटं समाधान त्याने तेव्हाही दिलं नाही. “या दोन ओळी मृगात घेऊ. उन्हाळ्यात पुन्हा निजवू, जूनच्या पान्यानं फुलतील. अंब्या बहाराले नाई तं मृग बहाराले. झाडाले दुसरा बहार असते.”

“म्हणजे फळ पुढच्या वर्षी?”

“पुढच्या वर्षी.” तो थांबला. पायाने एक ढेकूळ फोडलं. “तवलोक... थांबसान काय?”

“ओळींसाठी?”

“ओळींसाठी... आन्...”

“आन् काय?”

“तुमाले समजते सारं. समजून घ्या ना.”

“नाही,” वर्षाली म्हणाली. तिच्या पर्समध्ये फोन वाजू लागला. तिने पाहिलंही नाही. तो वाजला, वाजला आणि दमून गप्प झाला. “अर्धंमुर्धं ऐकून हो म्हटलं की काय होतं, ते या झाडांना विचारा. तुम्ही नीट सांगा. मी ऐकते.”

अमोलने घसा साफ केला. एरवी पटापट बोलणारा हा माणूस झाडाच्या खोडाला हात टेकून उभा राहिला.

“मले तुमच्यासंग राहाचं हाये, वर्षाली. रविवारीच नाई... रोज. तुमी काम करा, गावोगाव फिरा, माहं काई म्हननं नाई. पन सांजच्याले वापस अठी या. नाई आल्या तं... मी एक डोया उघडा ठेवून बसीन.”

एक मधमाशी दोघांच्या मधून गेली. वर्षालीने ते सगळं वाक्य पुन्हा एकदा मनात, सावकाश, शेवटपर्यंत ऐकलं.

“हो,” ती म्हणाली. “या वेळी पूर्ण ऐकून.”

विहिरीकडून खुशालरावांनी हाक मारून काहीतरी सांगितलं. मधमाश्यांच्या आवाजात शब्द विरले. वर्षालीच्या ओठांवर सवयीने ‘हो’ आलं होतं. तिने ते थांबवलं आणि कानामागे हात धरला.

“काय म्हणालात, बाबा? परत सांगा ना.”

बाबा... तो शब्द तिच्या तोंडून आपोआप आला होता. अमोलने चमकून पाहिलं. तिकडे खुशालराव दोन पावलं पुढे आले. मग त्यांनी एकेक शब्द सुटा करून, शाळेत मुलांना शिकवावं तसं, पुन्हा सांगितलं.

“च्या झाला म्हनलं, पोरी. सावकाश ये.”