धाकूची द्रौपदी

नाटकासाठी मागितलेलं आत्याचं अंजिरी लुगडं पोचवायला मी कनातीमागे गेले, तर पाठमोरी एक बाई केस विंचरत उभी. कमरेपर्यंत काळेभोर केस… वळली तेव्हा कळलं, बाई नव्हेच.

"लुगडा आणलंस, आता निऱ्यो पण तूच घाल," तो म्हणाला. "माझ्यो सुटतत."

तो धाकू. दिवसा कुर्ल्याच्या गिरणीत बदलीवर, कुणाचा खाडा पडला तरच काम, आणि थंडीत घाटकोपरला आमच्या चाळीमागच्या मैदानात दशावतारातली द्रौपदी. मी निऱ्या घातल्या. एक निरी दोनदा सुटली, ती माझ्याच हातून. तो ओठांना रंग लावत हसत होता. पुरुषासारख्या पुरुषाला असं लाजता कसं येतं, विचारलं मी. म्हणाला, "तू आता लाजतंस ना, तसाच."

त्या संध्याकाळी द्रौपदी भरल्या सभेत रडली, आणि मैदानातल्या झाडून साऱ्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. मी मात्र नुसती बघत राहिले.

पुढले दोन हिवाळे लुगडं मीच नेलं. छप्पन साली मैदानात सिनेमाचं पत्र्याचं थेटर उभं राहिलं. मग सोडावाला आला, फोटोचा स्टुडिओ आला, इराण्याचं हॉटेल आलं. दशावतारी मंडळाला उभं राहायला जागा उरली नाही. पेटीवाला गावी गेला. त्यातच मला अंधेरीचं स्थळ आलं. मी धाकूचं नाव घेतलं, तर बाबा म्हणाले, बदलीवाल्याला, वर वेणी घालणाऱ्याला, मी मुलगी देणार नाही. थेटरला दारावर कायमचा माणूस हवा होता… पण केस कापलेला.

मंडळ दहिसरला मांडव घालायचं म्हणतंय, धाकू सांगत होता. नलू, एक थंडी थांब. मी थांबले नाही.

"केस की मी, ते आजच सांग," म्हटलं. आणि वर हसले.

दुसऱ्या दिवशी तो खाकी कोटात आला. मान उघडी, पोरकी. मार्गशीर्षात आमचं लग्न लागलं.

एका दुपारी त्याच्या पासावर मी बायकांच्या, दाराजवळच्या बाकावर बसले होते. पडद्यावर नटी रडू लागली, तशा सगळ्याजणी मुसमुसू लागल्या, मीही. दाराशी उभा असलेला धाकू वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "खांदे हलूक नाय तिचे. आधी खांदे रडतत गो…"

"ओ डोअरकीपर, गप बसा ना," मागची बाई करवादली.

तो सरळ होऊन दाराला टेकला. खेळ सुटल्यावर आम्ही निघालो; स्टुडिओ, सोडावाला मागे पडले. चाळीच्या वळणावर म्हणाला, "तुका कोण होया होता गो? मी, की द्रौपदी?"

असं काय विचारता, एवढं तरी म्हणायचं होतं. उत्तर मला ठाऊक होतं… आणि त्यालाही. तो चालू लागला, आणि एका परक्या माणसामागून मी घरी आले.