पिवळ्याचं लाल

"भोपळ्या, ब्रश तोंडातून काढ! आणि बुचके, बटाट्याचा ठसा कागदावर उमटवायचा, त्याच्या टकलावर नाही!"

ठिणगीचा आवाज तळमजल्यावरून थेट रस्त्यापर्यंत गेला. तिच्या घरातल्या पुढच्या खोलीत जुनी चादर पसरली होती आणि तिच्यावर दोन ते चार वर्षांची पाच चिल्लीपिल्ली बसली होती. म्हणजे एक बसलं होतं, बाकीची लोळत होती. सुट्टी लागली आणि ठिणगीने तिच्या मित्राबरोबर, भिंगोबाबरोबर, ही 'चिखलशाळा' सुरू केली. ठिणगी तेरा वर्षांची, भोपळा हा तिचा धाकटा भाऊ. भिंगोबा अकराचा, जाड चष्म्याचा, त्याच इमारतीत मागच्या जिन्याला राहणारा. पिठाचे गोळे, पानांचे ठसे, खोक्यांची आगगाडी, डब्यांचे ढोल असं सगळं रोज सकाळी चाले. ही मंडळी दिसेल ते चाटतात, म्हणून रंगसुद्धा स्वयंपाकघरातले! बिटाचा गुलाबी, पालकाचा हिरवा, हळदीचा पिवळा.

"ठिणगे, इकडे ये," भिंगोबा हळूच म्हणाला.

त्याने वाटीत हळद घेऊन नळाचं पाणी घातलं होतं. वाटीतला रंग विटेसारखा लाल झाला होता.

"बिटाच्या वाटीत कालवलंस ना?"

"मला चष्मा आहे, डोळ्यांवर पट्टी नाही! हळदच आहे ही!"

आतल्या खोलीत ठिणगीची आई शिलाई मशीनवर बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "वाटीला साबण राहिला असेल. हळदीचा डाग साबणाने धुतला की लाल होतोच."

भिंगोबाने वाटी तीनदा खंगाळली, पुसली, पुन्हा हळद, पुन्हा पाणी. पुन्हा लाल! मग तो धावत जाऊन स्वतःच्या घरून तांब्याभर पाणी घेऊन आला. त्या पाण्यात हळद पिवळीधमक राहिली.

"वाटी तीच, हळद तीच, चमचाही तोच," ठिणगी म्हणाली. "मग बदललं काय? पाणी!"

"पुढच्या जिन्याची टाकी वेगळी, आमची वेगळी," भिंगोबाचे डोळे चष्म्यामागे मोठे झाले. "आणि तुमची टाकी कालच धुतली. फलकावर लिहिलंय."

तेवढ्यात बुचकी रडायला लागली. ती जेमतेम दोन वर्षांची. सकाळपासून दोनदा ओकली होती, दूध तोंडाला लावू देत नव्हती. दात येत असतील, असं तिची आई म्हणाली होती. ठिणगीने तिच्याकडे पाहिलं, मग लाल वाटीकडे. बुचकीचं घरही पुढच्याच जिन्याला. तिचं पावडरचं दूध याच टाकीच्या पाण्यात कालवलं जायचं!

आईने मशीन थांबवलं. दोन्ही वाट्या उजेडात धरून पाहिल्या. "मुलांना या पाण्याचा थेंब द्यायचा नाही. मी बुचकीच्या आईला सांगून येते. तुम्ही सेक्रेटरीकाकांना सांगा, जा!"

सेक्रेटरीकाका दाराजवळच्या कचेरीत कागदांवर सह्या करत होते. दोघांनी सगळं सांगितलं. काकांनी मान वर केली नाही.

"टाकी काल धुतली. माझी सही आहे त्याच्यावर."

"तुम्ही वर जाऊन बघितलंत का, काका?" भिंगोबाने विचारलं.

"माझे गुडघे तुला माहीत नाहीत वाटतं? माणसाने सांगितलं, धुतली. संपलं! हळद घेऊन मला शिकवायला आलेत! तो पोरखेळ आजपासून बंद. जिन्यावर रंगाचे डाग पडतात."

"तो आमच्या घरात चालतो, काका. घरातलं तुम्ही कसं बंद करणार?" ठिणगी म्हणाली.

"तोंड वर करून बोलतेस?"

"खाली घालून सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

काकांनी बोटाने दार दाखवलं. ठिणगी बाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते.

"झालं. आता गप्प बसायचं?" भिंगोबाने विचारलं.

"गप्प? भिंगोबा, संध्याकाळी आठ घरांत चहा होईल, पाच घरांत बाळांचं दूध! चल गच्चीवर!"

पुढच्या जिन्याच्या गच्चीला कुलूप होतं. मागच्या गच्चीवर मात्र कपडे वाळत घालायला सगळेच जात. दोन्ही गच्च्यांमध्ये कमरेएवढा कठडा. भिंगोबा त्यावर ओणवा झाला.

"टाकीच्या खालचा तो नळ दिसतो? धुतलेलं घाण पाणी तिथून बाहेर सोडतात. त्याच्या तोंडावर बघ!"

नळाच्या तोंडावर कोळ्याचं जाळं होतं. चांगलं भरगच्च, वाळक्या माश्यांनी भरलेलं. खाली सगळी धूळ जशीच्या तशी, ओघळाची एक रेघ नाही. शेजारी एक रिकामी पिशवी पडली होती आणि तिच्यावर ठळक अक्षरं होती, 'धुण्याचा सोडा'.

"सोडा टाकला," ठिणगी एकेक शब्द मोजत म्हणाली, "आणि पाणी काढलंच नाही! तसंच ठेवून निघून गेला!"

ते धापा टाकत पुन्हा कचेरीत गेले. काकांनी ऐकलं आणि ते खो खो हसले.

"वा! आता कोळी साक्षीदार! पळा, नाहीतर तुमच्या वडिलांनाच बोलावतो."

"बोलावाच!" ठिणगी म्हणाली. "सगळ्यांच्या वडिलांना बोलावणार आहोत आम्ही!"

दुपारभर चिखलशाळा जोरात चालली. ठिणगी आणि भिंगोबा दोन्ही जिन्यांवरच्या सोळा घरांतून सोळा बाटल्या पाणी घेऊन आले. पुढच्या जिन्याच्या पाण्याला चिल्ल्यापिल्ल्यांनी हात लावायचा नाही, असा कडक नियम होता. त्या पाण्याचे कागद दोघांनीच लांब दांडीच्या ब्रशने रंगवले. मागच्या जिन्याच्या कागदांवर मात्र चौघांनी मनसोक्त पिवळे ठसे मारले. भोपळ्याने तर पोटावरही मारले. बुचकी आज नव्हती. ती आईच्या मांडीवर निजली होती. तिच्या जागेवरचा सकाळचा कागद कोणी उचलला नाही.

प्रत्येक कागदावर घराचा क्रमांक घातला आणि प्रवेशद्वारात दोरी बांधून सगळे चिमट्यांनी लटकवले. आठ लाल, आठ पिवळे. खाली ठिणगीने जाड अक्षरांत लिहिलं, 'हळद एकच. पाणी कोणाचं?'

संध्याकाळी कामावरून परतणारी माणसं थबकायला लागली. "आमचा लाल का?" "आमचा पिवळा, तुमचा लाल?" बघता बघता दारात गर्दी झाली. सेक्रेटरीकाका तरातरा आले आणि त्यांनी पहिला कागद टरकन फाडला.

"फाडा!" ठिणगी त्यांच्यासमोर उभी राहिली. "पंधरा उरलेत. आणि पाणी अजून नळात आहे, हवे तेवढे पुन्हा करू!"

"यांनी साबण कालवलाय!" काका गर्दीकडे वळले. "उगाच लोकांना घाबरवायचं!"

"मग तुम्हीच करा," भिंगोबा म्हणाला. "तुमच्या घरचं पाणी, तुमच्या घरची हळद, तुमचाच हात. आम्ही मागे सरतो."

आता सगळे काकांकडे पाहू लागले. नाही म्हणायची सोय नव्हती. पुढच्या जिन्यातून वर पाहत त्यांनी आपल्या आईला हाक मारली. आजी हळद आणि तांब्या घेऊन खाली आल्या. काकांनी बाह्या सरसावल्या, चमचाभर हळद वाटीत टाकली, वरून पाणी ओतलं आणि विजयी चेहऱ्याने ढवळलं.

वाटी लाल झाली.

मग आजी म्हणाल्या, "अरे, सकाळपासून सांगतेय तुला, चहाला साबणाची चव येतेय. तू म्हणालास, माझी जीभ म्हातारी झालीय!"

हसू फुटलं, पण फार वेळ टिकलं नाही. बुचकीचे बाबा पुढे आले. "किल्ली द्या," एवढंच ते म्हणाले. नळदुरुस्तीवाल्याला बोलावणं गेलं. त्याने टाकीचं झाकण उघडून विजेरीचा झोत आत मारला. तळाशी सोड्याचे पांढरे खडे पडले होते. टाकी धुणारा सफाईवाला फोनवर चाचरत म्हणाला, "उद्या येऊन पाणी काढणार होतो..." आणि नळ मात्र त्याने कालच चालू करून दिले होते!

त्याच रात्री टाकी रिकामी केली, दोनदा धुतली आणि या वेळी बुचकीचे बाबा वर उभे राहिले. मागच्या जिन्याला राहणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सगळी मुलं तपासली. बुचकीच्या तोंडात आतून लाली आली होती. "दोन-तीन दिवसांत बरी होईल," त्या म्हणाल्या. "पण आणखी दोन दिवस हेच पाणी पोटात गेलं असतं, तर मला नुसतं औषध देऊन भागलं नसतं. कोणी ओळखलं हे?"

सगळ्यांनी दोघांकडे बोट दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी दोघांशी मोठ्या माणसांसारखा हात मिळवला. ठिणगीच्या आईने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि भिंगोबाच्या बाबांनी त्याचा चष्मा काढून स्वतःच्या सदऱ्याने पुसून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीची सभा भरली. सेक्रेटरीकाका घसा खाकरत उभे राहिले.

"मुलांचं कौतुक करायलाच हवं. शाबास! फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, पोरांनो. पुढच्या वेळी असं काही दिसलं, तर दोरीवर कागद लटकवण्याआधी मोठ्यांना सांगायचं."

टाळ्या वाजवायला उचललेले हात थांबले. ठिणगी उठली.

"सांगितलं होतं, काका. दोनदा."

काकांनी मान खाली घातली. सभेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते म्हणाले, "हो. दोनदा सांगितलं होतं. चूक माझी."

आणि मग पहिली टाळी त्यांच्या आईने वाजवली.