रावजी इंग्रजी ऐकतो

ही गोष्ट खरी आहे. विनोदी लेखांमुळे ज्यांना माझं नाव ठाऊक आहे, त्यांनी हसायची तयारी केली असेल तर ती आवरावी.

साल एकोणीसशे सत्तावन्न. जागा पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या पायथ्याची आमची वाडी. वेळ तिन्हीसांजेची. भुतानं मध्यरात्री यावं हा नियम शहरातला असावा. आमच्याकडे मध्यरात्री सगळे झोपलेले असतात. त्यानं येऊन भेटायचं कोणाला?

मी आणि माझा आतेभाऊ रावजी, दोघंही, तेव्हा चालायचं तसं, इंग्रजी न घेता एस.एस.सी. झालो होतो. पेढे वाटून झाल्यावर कळलं की इंग्रजीचा पेपर सुटल्याशिवाय कॉलेजात पाऊल ठेवता येत नाही. पेढे परत मागता येईनात. म्हणून अभ्यासाला बसलो.

बया आत्याच्या पडवीत, दोन पाट मांडून. एकानं रीडर मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं ‘हूं’ म्हणायचं. आमच्याकडे कोणी गोष्ट सांगू लागलं की ऐकणाऱ्यानं हुंकार द्यावाच लागतो. नाही दिला तर सांगणारा थांबतो. तीच रीत आम्ही इंग्रजीला लावली.

रावजीचा हुंकार कडक. माझं वाचन चुकलं की तो गप्प. मी वाक्य सुधारेपर्यंत गप्प.

मग कण्या पाखडता पाखडता आत्या म्हणायची, “काय रे मालू, माझा पोरगा मुका झाला का तू गाढव झालास?”

रावजीचे वडील तो रांगत होता तेव्हाच गेले होते. आत्याला तो एकटाच.

श्रावणात त्याला ताप आला. नदीला पूर होता, पलीकडे नेता येईना. पूर उतरला तेव्हा न्यायची गरज उरली नव्हती.

दहाव्याला सावित्रीच्या काठी पिंड ठेवला. कावळे आले. बसले. बघत राहिले...

एकही शिवेना.

गेलेल्याची इच्छा राहिली की असं होतं. मग ती ओळखून कोणीतरी पुरी करायचा शब्द द्यायचा असतो. रावजीचे चुलते कुशाबा पुढे झाले. “रावजी, तुझ्या आयशीला आमी बघू.” कावळा हलला नाही. कुशाबांना तो ओळखत असावा. कोणी देवळाला घंटा कबूल केली. कोणी जमिनीचं भांडण सोडलं. ऊन डोक्यावर आलं. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले.

लांब उभ्या असलेल्या बायकांतून आत्याचा आवाज आला.

“त्याचं विंग्रजी राह्यलंय.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो, हात जोडले. “रावजी, मी अभ्यास करीन. तुझ्या वाटणीचाही. पास होईन.”

फडफड झाली...

कावळ्यानं घास उचलला होता.

सुतक संपल्यावर आत्यानं बोलावलं. “हितंच वाच. त्याच्या कानावर पडंल.” तिनं दोन्ही पाट मांडले. दिवा लावला. मी एका पाटावर बसलो, पहिलं वाक्य वाचलं आणि सवयीनं थांबलो.

आत्याचं सूप थांबलं.

बाहेर रातकिडे ओरडत होते... तेही थांबले.

“हूं.”

रिकाम्या पाटाकडून.

मी आत्याकडे पाहिलं. तिनं ऐकलं होतं. तोंडावर पदर दाबून ती डोळ्यांनीच सांगत होती, वाच.

मी वाचलं. आवाज फाटला होता. एक शब्द चुकला.

काहीच आलं नाही.

मी वाक्य सुधारून वाचलं...

“हूं.”

पळून जायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण अख्ख्या वाडीत माझं इंग्रजी तपासणारं दुसरं कोणी नव्हतं.

रोज तिन्हीसांजेला तो येई. आत्या जेवू लागली. केस विंचरू लागली. अंगण सारवू लागली. शेजारच्या बनुबाईला सांगायची, “माझ्या घरात सांजचं माणूस असतं गो.” बनुबाईला वाटायचं, ती माझ्याबद्दलच बोलतेय.

ऑक्टोबरात परीक्षेसाठी महाडला निघालो. आत्या रस्त्यापर्यंत आली. फडक्यात बांधलेली भाकरी दिली. एस.टी. वळणावर दिसली तशी तिनं माझं मनगट धरलं.

“मालू... नापास हो.”

“काय?”

“तू पास झालास की त्याचं काम सरलं. मग तो कशाला येल रे? औंदा नापास हो. माझ्यासाठी एवढं कर.”

पेपर हातात पडला. सगळं येत होतं. मी नाव-नंबर लिहिला, पेनाला टोपण लावलं आणि वेळ संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो.

बाबा म्हणाले, “म्हैस बसवली असती तर एखादा मार्क तरी आणला असता तिनं.”

आत्यानं मात्र तांदळाची खीर केली. तीन वाट्या भरल्या.

पुढच्या वर्षीही मी नापास झालो. इतकं इंग्रजी येणारा नापास विद्यार्थी तालुक्यात दुसरा नसेल. बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. बरोबरीची पोरं मुंबईला कॉलेजात गेली. मी दर सांजेला त्या पाटावर.

तिसऱ्या वर्षी हुंकार बदलला.

उशिरा येऊ लागला. लांबट. पडता.

“हूं...”

एकदा मी मुद्दाम चुकीचं वाचलं. तो गप्प राहील म्हणून थांबलो.

“हूं...”

रावजीनं चूक सोडून दिली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला भीती वाटली.

आत्यानं सूप खाली ठेवलं. बराच वेळ त्या पाटाकडे बघत राहिली.

“झोप आलीय त्याला.”

“आत्या...”

“माझा पोरगा हाय. मला नाय कळणार? ल्हान व्हता तवा गोष्ट आयकताना असाच करायचा. डोळे मिटलेले, तरी हूं हूं चालू. सांगणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून.”

दिवा विझला नाही. वारा सुटला नाही. काहीच झालं नाही.

“दमलाय रे तो,” आत्या म्हणाली. “माझ्यापायी जागा हाय.”

मग सूप उचललं. पाखडायला काही नव्हतं, तरी पाखडत राहिली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “औंदा पास हो, मालू.”

मी पास झालो.

निकाल कळला त्या सांजेला आत्याकडे गेलो. सांगितलं. तिनं मान हलवली. पडवीत एकच पाट मांडलेला होता.

“वाचू?”

“वाच.”

मी वाचलं. एका वाक्यानंतर थांबलो...

दुसऱ्या वाक्यानंतर थांबलो...

अख्खा धडा तसा वाचून काढला. आत्या एकेका वाक्यापाशी श्वास धरून बसायची आणि मग सोडायची. शेवटी मी रीडर मिटलं.

“झोपला असंल ना रे नीट?”

“हो, आत्या.”

पुढे मी मुंबईला गेलो, इंग्रजीच शिकलो, तेच शिकवतो. आत्या जाऊनही आता वर्षं झाली. पण त्या सांजेला मी ‘हो’ म्हणालो तितक्या ठामपणे आयुष्यात दुसरं काही बोललेलो नाही, आणि इतक्या कमी माहितीवर तर नाहीच.

कारण मला माहीत नाही. तो झोपला... की कुठंतरी जागाच आहे, अजून हुंकार देतोय, आणि तो आता आमच्यापर्यंत पोचत नाही.