थर्झा मावशीचा निब

विश्वास ठेवा नाहीतर हसा. पण हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्याच घरात घडलंय.

इंग्लंडातल्या एसेक्सच्या किनाऱ्यावरची दलदल. पहिलं महायुद्ध संपून चार-पाच वर्षं झाली होती. नोव्हेंबरमधली धुक्याची संध्याकाळ.

माझा नवरा त्या युद्धातच गेला. मूलबाळ नाही. म्हणून मी थर्झा मावशीकडे राहायला आले. तीही एकटीच. गाव तिला चेटकीण म्हणायचं, आणि अडलं की तिच्याच मागच्या दाराशी यायचं.

मावशीजवळ निब होता.

मुंगसाएवढा, पांढराशुभ्र. तसं ती सांगायची. मी त्याला कधी नीट पाहिलंच नाही. चुलीमागे नुसता आवाज यायचा... चप्... चप्... दूध चाटल्याचा.

दूध आधी त्याला, मग आम्हाला. त्याला ती "जा" कधी म्हणायची नाही. "जाशील का रे?" म्हणायची.

"एवढी कसली मनधरणी, मावशी? जनावरच ना ते?" मी एकदा हसून विचारलं.

"चाकर नाहीये तो माझा. सोबत आहे," ती म्हणाली. "सोबतीला हुकूम सोडला, की सोबत उरत नाही, लॉइस."

निबचं काम एकच. हरवलेल्याला घरी आणायचं.

त्या संध्याकाळी डॉर्कस धावत आली. तिचा नवरा एब्नर खाडीत मासे धरायचा.

"मावशी, तुमच्या नावानं बोटं मोडते मी, ठाऊक आहे मला! पण एब्नर अजून आला नाही हो. धुकं दाटलंय, भरती लागलीये..."

मावशी चुलीमागे वाकली.

"लांब आहे रे. थंडीही फार. जाशील का?"

दार जरासं हललं...

थोड्या वेळानं एब्नर आला. कमरेपर्यंत चिखल.

"काहीतरी पांढरं पुढे चालत होतं," तो कापत म्हणाला. "मी थांबलो की तेही थांबायचं. मी काठाला लागलो तेव्हा ते मागे राहिलं. वळून बघतो तर... नुसतं पाणी."

एब्नर आला.

निब आला नाही.

मग रोज दिवस मावळला की मावशी वाडगा घेऊन दारात उभी. "निब... ये रे. दूध निवतंय..."

माझ्याशी बोलणं तिनं जवळजवळ सोडलं. एका घरात आम्ही दोघी, आणि दोघी एकट्या.

हिवाळा सरता सरता मावशी गेली.

त्यानंतरची एक संध्याकाळ. बाहेर धुकं. मी पाव कापत होते.

चुलीमागे... चप्... चप्...

वाडगा कधीचा कोरडा होता.

मग बारीक पावलं. मावशीच्या पलंगावर. तिच्या खुर्चीवर. दारापर्यंत. पुन्हा पलंगावर.

तो तिला शोधत होता.

मला भीती वाटली नाही. रडू आलं. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं, की पोळ्यावरच्या मधमाश्यांनाही जाऊन सांगतात. याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी जमिनीवर बसले. "निब, मावशी गेली रे. चर्चमागे पुरलंय तिला. आता ती घरी यायची नाही."

पावलं थांबली.

मी वाडग्यात दूध ओतलं. त्यानं तोंड लावलं नाही.

दाराची फट हळूच रुंदावली... आणि घर रिकामं झालं.

मी "जाशील का" म्हटलं नव्हतं. तो आपणहून गेला.

पुन्हा धुकं पडलं त्या संध्याकाळी अंगणात आधी ती बारीक पावलं वाजली. आणि त्यांच्या मागे... काहीतरी जड. हळूहळू. ओल्या मातीतून पाय उपसत यावं तसं.

दारापाशी थांबलं.

"लॉइस... उघड गं. फार लांबून आणलंय यानं मला."

आवाज मावशीचा होता.

कितीतरी दिवसांत मला कुणी नावानं हाक मारली नव्हती.

मी कडी काढली.

बाहेर कुणी नाही. नुसतं धुकं.

दार लावून वळले, तर फरशीवर चिखलाची पावलं. आत आलेली. बाहेर गेलेली एकही नाही.

गाव म्हणतं, बिचारी लॉइस एकटी राहते.

संध्याकाळी मावशीच्या खुर्चीकडे पाठ करून बसते. मागून श्वास ऐकू येतो. ओला... जड...

मी दिवसभरातलं सगळं सांगते तिला. ती उत्तर देत नाही.

"मावशी, तूच आहेस ना?"

एवढंच विचारायचं धाडस अजून होत नाही.