मुद्दाम हललेले फोटो

"दर रविवारी शेवटचे चारच फोटो कसे हलतात रे, यग्या? पहिले सहा एकदम कडक आणि शेवटचे चार नुसता धूर. मला येडी समजतोस?"

ॲश्ली दारातच उभी होती. आत घेत नव्हती. मी म्हटलं, तुमचं टेबल डुगडुगतं, त्याला मी काय करू. ती म्हणाली, मग दहाच्या दहा हलायला पाहिजेत. माझं कसंय, राग आला की आधी आवाज चढतो, डोकं मागून येतं. मी पण सुनावलं, की हप्त्यातून एकच दिवस मला अर्धी सुट्टी असते, ती मी तुझ्या आजोबांच्या गंजक्या नाण्यांवर घालवतो, वर हे ऐकू?

ती भांडली नाही. दाराच्या चौकटीला डोकं टेकवलं आणि एवढंच म्हणाली, "बॉक्स गेला."

तिथे माझा आवाज बसला.

बॉक्स म्हणजे बिस्किटाचा पत्र्याचा डबा. त्यात तिच्या आजोबांनी जमवलेली सव्वाशे-दीडशे नाणी, राणीच्या तोंडाची, भोकाची, एक तर चौकोनी. तो आजोबांच्या थोरल्या मुलाकडे, म्हणजे इग्नेशियस अंकलकडे जायचा होता. अंकल कॅनडात राहतात. जायच्या आधी सगळ्याचे जवळून फोटो काढून ठेवायचे, असं ॲश्लीने ठरवलेलं.

त्याच्यासाठीच ती ऑगस्टमध्ये आमच्या दुकानात आली होती. मी नववीत शाळा सोडली. आता एकोणीसचा आहे, जोगेश्वरी स्टेशनबाहेर निलेशभाईंकडे मोबाईल रिपेअर करतो. तिने काउंटरवर फोन ठेवला आणि जांभई देत विचारलं, की नाण्याचा फोटो काढला तर नुसती चकाकी का येते. मी म्हटलं, लाइट समोरून मारतेस म्हणून. बाजूने मार, आडवा, जमिनीला टेकल्यासारखा, म्हणजे खोदलेलं सगळं वर येतं. तिने मला पहिल्यांदा नीट बघितलं तेव्हा. डोळे लाल, एक भुवई मध्येच तुटलेली. म्हणाली, "घरी येऊन दाखवशील?"

मी काय नाही म्हणतोय.

आंबोलीच्या गावठाणात तिचं घर. पप्पांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं, उरलेल्या दिवशी पार्ल्याला कॉलेज, जेवण पण तीच करते. रविवार दुपार तेवढी मोकळी. दोन स्टीलचे डबे ठेवायचे, त्यांच्यावर फोन आडवा, खाली नाणं. बाजूने टॉर्च, आणि टॉर्चपुढे दुधाची धुतलेली पिशवी, म्हणजे उजेड मऊ पडतो. फॅन बंद, नाहीतर पिशवी उडते. ऑक्टोबरचा उकाडा, दोघं घामाने चिप्प. बोट लागून फोन हलू नये म्हणून तीन सेकंदांचा टायमर लावायचा. तेवढा वेळ श्वास पण घ्यायचा नाही.

तीन सेकंद... ती नाण्याकडे बघायची. मी तिच्याकडे.

हिशोब सोपा होता. नाणी संपली की माझं काम संपलं. मग शेवटच्या चार फोटोंना मी टेबलाच्या पायाला गुडघा लावायला लागलो. हळूच. दुकानातल्या कॉम्प्युटरवर बघितलं, चार हललेत, पुढच्या रविवारी परत काढू, असा मेसेज टाकायचा. ती 'बरं' म्हणायची.

मागच्या रविवारी शेवटच्या चारात मेडल होतं.

नखाएवढं, चांदीचं, मदर मेरीचं. त्यांच्या घरात कोणाचं बाळ झालं की बाप्तिस्म्याच्या फ्रॉकला ते टाचतात, आणि पुढचं बाळ येईपर्यंत ते त्या बाळाचं. बाळाची आई मेडलच्या पाठीवर सुईने एक रेघ ओढते. एकोणीस वर्षं ते ॲश्लीकडे होतं, कारण तिच्यानंतर कोणी झालंच नाही. आता इग्नेशियस अंकलच्या मुलाला, ॲश्टनला, मुलगी झाली, म्हणून मेडल पण त्याच डब्यातून तिच्याकडे चाललं होतं. ॲश्लीची आई, ल्युसी, ॲश्ली दहावीत असतानाच गेली. तिने ओढलेली रेघ इतकी बारीक, की नुसत्या डोळ्याला दिसत नाही. ॲश्लीला तेवढा एकच फोटो खरा हवा होता. नाणी काय, सोबतीला होती.

आणि मी गुडघा लावला होता.

"अंकलचं तिकीट अलीकडचं निघालं," ती म्हणाली. "काल येऊन घेऊन गेले. मुलुंडला आंटीच्या भावाकडे आहेत, आज रात्रीचं विमान. मी म्हटलं, चला, फोटो तरी आहेत, हललेले का असेनात. सगळे उघडून बघितले..."

मी जिन्यावरच बसलो. खोटं बोलायला पण दमलो होतो.

"गुडघा मीच लावायचो टेबलाला. फोटो संपले असते, तर मी कशाच्या नावाने आलो असतो?"

आतून पप्पांनी विचारलं, कोण आहे गं. तिने सांगितलं, कोणी नाही. लागलं मला ते.

मग ती माझ्या वरच्या पायरीवर बसली. "हप्त्यात एकच दुपार मी झोपू शकते, यग्या. दोन महिने ती तुझ्या गुडघ्याने खाल्ली." डोळे चोळत म्हणाली, "मला राग आलाय आणि झोप पण आलीय. दोन्ही एकदम नाही जमत. आधी काय करायचं ते तू सांग."

मी म्हटलं, "मुलुंड."

निलेशभाईंची ॲक्टिव्हा मागितली. शेजारच्या मीरा आंटीला पप्पांजवळ बसवलं. पवईला ट्रॅफिक तुंबलेलं. मागे ती काही बोलत नव्हती, मला वाटलं रागाने. मग तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटायला लागलं... टक, टक. झोपली होती. मी दहाच्या स्पीडने चालवली. मागच्या रिक्षावाल्याने माझा उद्धार केला, पहिल्यांदाच मी उलट शिवी दिली नाही.

मुलुंडला हॉलभर बॅगा. अंकलची बायको, आंटी, एकेक बॅग काट्याला अडकवून वजन करत होती. अंकल म्हणाले, डबा तळाला गेलाय, आता नाही निघणार, मी कॅनडाहून फोटो पाठवतो. ॲश्ली 'ठीक आहे' म्हणून वळायला लागली. अशीच आहे ती, दमली की सगळंच ठीक असतं तिचं. मी नाही वळलो. सांगितलं अंकलना, की चूक माझी आहे, मुद्दाम केलीय, आणि का केली ते पण सांगितलं. सगळ्यांसमोर. आंटीच्या हातातली बॅग काट्यावरच लोंबकळत राहिली.

अंकलनी माझ्याकडे बघितलं, मग ॲश्लीकडे. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती, कान लाल. अंकलनी खाली बसून बॅगेची चेन उघडली.

फॅन बंद केला. सात माणसं जेवणाच्या टेबलाभोवती श्वास धरून उभी. मी दोन्ही गुडघे टेबलापासून लांब घेतले. टॉर्च अजून खाली, अजून आडवा... तीन, दोन, एक.

चार रेघा होत्या. एक अंकलची, एक तिच्या पप्पांची, एक ॲश्टनची. तिन्ही सरळ. चौथी बारीक, मध्येच उडी मारून वाकडी झालेली.

"ही कशी काय अशी?" ॲश्लीने विचारलं.

अंकल हसले. "मी समोरच होतो. तू तिच्या मांडीवर लाथा झाडत होतीस, सुई सरकली. मी म्हटलं, ल्युसी, पुसून सरळ ओढ. तर म्हणाली, राहू दे, माझी पोरगी पण वाकडीच आहे."

ॲश्ली रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. खुर्ची ओढून बसली, फोन हातात घेतला आणि ती रेघ बोटांनी मोठी करत राहिली, स्क्रीनभर होईपर्यंत.

खाली स्कूटरजवळ मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, सॉरी-बिरी नको, राग अजून आहे, त्याचा नंबर लागेल तेव्हा लागेल. मग हेल्मेटचा पट्टा लावत, माझ्याकडे न बघता, "रविवारी मला झोपता आलं असतं. दार मीच उघडायचे ना?"

मी किल्ली उलटी घालत बसलो. मी, ज्याला शाळेत उलट उत्तरासाठी मार पडायचा.

"पुढच्या रविवारी ये," ती म्हणाली. "फोटो नाहीत, काही नाही. मी झोपणार आहे. पप्पांशी बस, त्यांना पत्ते खेळायला कोणी नसतं. उठले की... बघू."

तो रविवार आज आहे. मी तिच्या घरी जायला आंघोळ दोनदा केली, शर्ट तीनदा बदलला. आई विचारतेय, लग्न कोणाचं. अडीच वाजले, ती झोपली असेल आता, उठायच्या आत पोचायचंय. बास, निघतो मी.