उसनी नजर

"तो गळ्यातला टाक आधी पदराआड घाला, मगच बाहेर पडू," असे जयराज दारातूनच म्हणाला, आणि मुक्ताबाईंचा हात आपोआप कंठाशी गेला.

पुण्यातल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घरात सकाळचा चहा नुकताच झाला होता. सूनबाई साक्षी कपबश्या उचलता उचलता थबकली. "राहू दे ना रे, त्यांची सवय आहे," ती हलक्या स्वरात म्हणाली. मुक्ताबाईंनी निमूटपणे पदर ओढून घेतला. चाळीस वर्षांत या मुलाने त्यांना कोणत्याही नात्याने हाक मारली नव्हती. 'आई' नाही, 'मावशी' नाही. केवळ 'तुम्ही', आणि तेही बहुधा भिंतीकडे पाहून.

तो टाक बनुबाईंच्या नावाचा होता. बनुबाई म्हणजे हिंदुरावांची पहिली पत्नी, जयराजची जन्मदात्री. दोन दिवसांच्या तापात ती गेली तेव्हा जयराज दीड वर्षाचा होता. पुढे अडीच वर्षांनी मुक्ता नावाची एक गरीब घरची मुलगी त्या फौजी बिजवराशी लग्न होऊन कडेगावच्या घरात आली, आणि उंबरठ्यावरच सासूने काळ्या दोऱ्यात ओवलेला हा चांदीचा टाक तिच्या गळ्यात घातला. बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्यावर उमटवलेली एक स्त्री. नाकाच्या जागी रेघ, डोळ्यांच्या जागी दोन टिंबे. "ही थोरली," सासू म्हणाली होती. "हिला दिल्याबिगर तू काय घ्यायचं न्हाई." तेव्हापासून नवे लुगडे आधी टाकाला लागे, पानातला पहिला घास टाकाच्या ओठांना लागे, आणि मगच मुक्ताबाईंच्या. स्वतःचे मूल त्यांना झाले नाही. पती वर्षातून दोन महिने घरी. सावत्र मुलगा दूर दूर राहणारा... अशा त्या रित्या घरात ज्या एका व्यक्तीशी त्या मनातले बोलत असत, ती त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलेलीही नव्हती.

आणि जयराज दूर का राहिला? शेजारच्या बयाबाईने थट्टेत, की कुणास ठाऊक कशात, त्या सहा वर्षांच्या लेकराला सांगितले होते, "तुझी आई हिनं गळ्यात बांधून ठेवलीया. सोडली आसती तर कवाच घरी आली आसती." मूल मोठे झाले, शिकले, इंजिनिअर झाले, ते वाक्य खोटे आहे हे त्याच्या बुद्धीला कळले; परंतु हृदयात एकदा रुतलेले शल्य बुद्धीने थोडेच निघते?

तीन वर्षांपूर्वी हिंदुराव गेले. अखेरच्या दिवसांत त्यांनी मुक्ताबाईंना जवळ बसवून सांगितले होते, "थोरलीला म्या शबूद दिल्याला, रजंवर आलो की एक दिस पुणं दाखवीन. रजा मिळाली तवा ती नव्हती." ते ऋण पतीच्या मागे आपल्यावर आले असे मुक्ताबाईंनी मानले. आज निघते, उद्या निघते म्हणता म्हणता मात्र त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. कराडच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली दृष्टी परत येणे नाही, असेही सांगितले. भोवतालचे जग कडांकडून आवळत आवळत सुईच्या नेढ्याएवढे उरले, आणि गेल्या पौर्णिमेला ते नेढेही बुजले. हे त्यांनी कुणाला कळू दिले नव्हते. काल गावचे नाथाजी त्यांना हात धरून या दारापर्यंत पोहोचवून गेले, आणि भिंतींना बोटे लावत लावत त्यांनी रात्र काढली. आपण आंधळ्या झालो तरी टाकावरची ती दोन टिंबे उघडी आहेत, त्यांच्यासमोर पुणे धरले की वचन फिटेल, एवढाच त्यांचा भाबडा हिशेब होता. आणि त्याच टाकावर आता पदर ओढायला सांगितले गेले होते.

लिफ्ट खाली थांबली. जयराज पुढे गेला. 'थोरले, हे बघ पुणं,' असे मनात म्हणत मुक्ताबाईंनी टाक पदराबाहेर काढला.

दोरा बर्फासारखा गार लागला... आणि त्यांना दिसू लागले.

आधी एक पाठ दिसली, निळा सदरा, मानेवर पांढरे होत चाललेले केस. मग ती पाठ वळली आणि जयराजचा चेहरा दिसला. डोळ्यांखालच्या सुरकुत्या, दाढी करताना कानाजवळ राहून गेलेले चार केस, सारे लख्ख, पहाटेच्या पाण्यासारखे नितळ. त्यांनी हात जोडण्यासाठी आकाशाकडे पाहायचे ठरवले, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की मान वर होत नाही.

"काय झालं?" टाकावरून नजर काढून घेत जयराजने विचारले.

"काय न्हाई. चल."

स्वारगेटला ते भुयारी मेट्रोत बसले. गाडी काळोखात शिरली आणि समोरची काच आरसा झाली. त्या काचेत जयराज होता, त्याच्या हातातली पिशवी होती. त्याच्या शेजारच्या आसनावर मात्र कुणीच नव्हते. मुक्ताबाईंनी आपला हात हलवून पाहिला. काचेतले आसन रितेच राहिले. टाकावरच्या त्या डोळ्यांना मुक्ताबाई दिसतच नव्हत्या. त्यांना पाहायचे होते ते एकच माणूस, आणि त्यावर ते पापणीही न लववता खिळले होते.

शनिवारवाड्याशी तेच झाले. "हा दिल्ली दरवाजा. ते खिळे बघा, हत्तींनी धडक देऊ नये म्हणून लावलेत," जयराज कर्तव्यबुद्धीने सांगत होता. मुक्ताबाई दरवाजाकडे वळू पाहत होत्या, आणि मानेतल्या शिरा ताणूनही मान परत परत त्याच्याकडेच फिरत होती, जणू कुणी हनुवटीला दोन थंड बोटे लावून ती वळवत होते. 'थोरले, बाई, वाडा बघ की,' त्यांनी मनातल्या मनात विनवले. नेहमी या बोलण्यावर मनात काहीतरी हलत असे, होकार आल्यासारखे. आज आत निःशब्द होते. जी बोलत असे, ती आज पाहण्यात गुंतली होती.

तुळशीबागेत बांगड्यांच्या दुकानी दुकानदारच हसला. "मावशी, माल इकडे आहे. पोराला काय बघायचं, तो घरी गेल्यावर पण दिसेल."

"रोज न्हाई दिसत त्यो," मुक्ताबाईंच्या तोंडून निघाले; आणि तो स्वर त्यांचा त्यांनाच परका वाटला, कोवळा, किंचित खरखरीत. जयराजने चमकून वर पाहिले. त्याने खिशातून रुमाल काढून उगीचच चेहरा पुसला.

दिवस असा सरला. उतरत्या उन्हात ते पर्वतीच्या पायथ्याशी आले. शंभरावर पायऱ्या, त्याही रुंद आणि उताराच्या. परंतु पुढे चालणाऱ्या त्या पाठीवर नजर बांधलेली असल्याने मुक्ताबाई न अडखळता वर पोहोचल्या. देवाचे दर्शन घेऊन ते बाहेर कठड्यापाशी उभे राहिले, आणि दिवसभर दाबून धरलेले जयराजच्या तोंडून अखेर बाहेर पडले.

"तुम्ही पुणं बघायला आलात की मला? सकाळपासून बघतोय. वाडा दाखवला, बाजार दाखवला, आणि तुमची नजर माझ्यावर. माझ्या तोंडावर काय लिहिलंय?"

"मी बघत न्हाई रं," मुक्ताबाई सावकाश म्हणाल्या. "थोरली बघतीया."

जयराजचा चेहरा पांढराफटक पडला. "पुरे. लहानपणापासून हेच... लोक म्हणायचे तिला तुम्ही बांधून ठेवलंय, आणि मला ते खरं वाटायचं. तुम्हाला माहीत नाही, मी एकदा..."

"इळा घिऊन आला व्हतास," त्या म्हणाल्या. "दुपारची येळ व्हती. दोरा कापाया."

तो कठड्यावर बसलाच. "तुम्ही जाग्या होतात?"

"जागी व्हते."

"मग माझा हात का नाही धरला? रक्त आलं होतं तुमच्या मानेला."

"म्हटलं, खरंच सुटत आसंल तर सुटू दे. लेकराला आई मिळंल."

"आणि आबा रजेवर आले, त्यांनी विचारलं तेव्हा?"

"त्यास्नी काय सांगायचं? उसाचं पान लागलं म्हणले."

जयराजने तोंड फिरवून घेतले. त्याच्या खांद्यांची हालचाल मात्र त्या अधाशी डोळ्यांपासून लपली नाही. मुक्ताबाईंच्या अंतःकरणात त्या क्षणी एक घोर द्वंद्व उभे राहिले. टाक गळ्यात राहिला तर कदाचित उद्याही दिसेल. चूल दिसेल, अंगण दिसेल, हा चेहरा पुन्हा केव्हातरी दिसेल. शिवाय चाळीस वर्षांची ती सोबत... ती काढून दिली तर त्या कडेगावच्या घरात बोलायचे तरी कुणाशी? पण जी आई एका दिवसासाठी पुणे पाहायला आली आणि पुण्याकडे एकदाही न पाहता आपले मूल पाहत राहिली, तिला पुन्हा त्या मुलापासून तोडून गावी न्यायचे, हे त्यांच्याने होणारे नव्हते. त्यांनी जयराजला एकदा डोळे भरून पाहून घेतले. या खेपेस ते पाहणे कुणाचे होते, हे सांगता येणार नाही.

मग त्यांनी मानेमागची गाठ सोडली. "घे. तुझी आई तुझ्याजवळ ऱ्हाऊ दे."

टाक त्याच्या तळहातावर पडला आणि जग मिटले. मुक्ताबाईंनी मागे पाऊल घेतले. तिथे पायरी होती. त्या कोसळणार इतक्यात जयराजने दंड धरला. त्याने त्यांच्या डोळ्यांपुढून हात फिरवला असावा, कारण वाऱ्याची एक झुळूक पापण्यांना लागली.

"दिसत नाही तुम्हाला?"

"न्हाई."

"कधीपासून?"

"पुनवंपासनं."

"मग एवढ्या पायऱ्या... तो रस्ता, ती गर्दी..."

"सांगितलं की मघा. माझं डोळं नव्हतंच ते."

"हे परत घाला," टाक पुढे करत तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता घाला."

"नगं. लय वर्सं माझ्या गळ्यात बसली बिचारी. आता मी तिला परत न्हेनार न्हाई." त्या चाचपडत कठड्यावर टेकल्या. "माझं काय, मी काय आज आंधळी झाले व्हय? तूच सांग आता, समूर काय काय हाय. पुणं बघितल्याबिगर गेले तर गावात काय सांगू?"

जयराज त्यांच्या शेजारी बसला. टाक मुठीत होता. मग तो बोलू लागला, अडखळत, जसे मूल पहिले पुस्तक वाचते. "समोर सिंहगड आहे. सूर्य त्याच्यामागं गेलाय. खाली सगळी घरंच घरं... दिवे लागतायत, एकेक करून. सारसबागेची झाडं काळी दिसतायत. इकडं कठड्याला कॉलेजातली दोन पोरं बसलीत. एक शेंगावाला आहे. आणि..."

तो थांबला. त्याच्या श्वासाचा आवाजही थांबला.

"आनि काय?"

"एक बाई उभी हाय." गावची बोली त्याच्या तोंडी कधी आली हे त्यालाही कळले नसावे. "झाडाखाली. एकलीच. हिरवं लुगडं नेसलीया. लय लहान हाय वयानं, माझ्या निम्मीबी नसंल. शेंगावाला तिच्या अंगावरनं गेला, तरी तिचा पदर हलला न्हाई."

मुक्ताबाई त्याच्या आवाजाकडे वळल्या. थोरलीच्या लग्नातली एकुलती एक तसबीर वाळवीने खाल्ली होती. ते रूप या मुलाने जाणतेपणी पाहिले नव्हते, आणि त्यांनीही नव्हते. "लेकरा, नीट सांग. कशी हाय रं रूपानं? मलाबी ठावं न्हाई."

"कपाळ रुंद हाय. माझ्यागत. हनुवटीवर तीन ठिपकं गोंदल्यात. नाक जरा बसकंच."

"आनि डोळं?"

"वलं हायती."

"मग बघ तिच्याकडं. तुझ्यासाठनं आलीया ती. पोटभर बघून घिऊ दे तिला."

जयराजचा हात त्यांच्या हातावर आला आणि घट्ट मिटला. तो रडत होता, परंतु त्याचा स्वर शांत होता.

"न्हाई गं आये. माझ्याकडं न्हाई बघत. मगापासनं ती तुझ्याकडं बघतीया."

मुक्ताबाई सावकाश उठल्या. वाऱ्याने विस्कटलेले केस त्यांनी मागे सारले, पदर सारखा केला. आणि जयराजचा हात ज्या दिशेला वळला, तिकडे तोंड करून त्या स्वस्थ उभ्या राहिल्या.