शेवंतीचं शिंगरू

“आसूढाळ हाय, गेणूभाऊ. दारात ठेवू नका.”

हा आवाज आरोहीनं ऐकला तेव्हा ती सहा वर्षांची होती. लपाछपीत फुलांच्या रिकाम्या पाट्यांमागे बसलेली. बोलणारा दिसला नाही, आजोबा काय म्हणाले तेही ऐकू आलं नाही. पण त्याच आठवड्यात शेवंती घोडीचं काळंभोर शिंगरू गोठ्यातून गेलं. येवल्याच्या बाजारात विकलं, एवढंच मुलांना सांगितलं गेलं.

आता आरोही बारा वर्षांची होती. दिवाळीची सुट्टी लागली होती, आणि परवाच शेवंती म्हातारपणानं गेली.

वीस वर्षं शेवंतीच्या टांग्यातून गेणूआजोबांनी मखमलाबादच्या मळ्यातली फुलं पंचवटीच्या बाजारात नेली होती. आता ते रिकाम्या गव्हाणीपाशी घराकडे पाठ करून बसत. दोन दिवस पोटात नुसता चहा. मालनआजी ताट घेऊन जायची आणि तसंच परत आणायची.

“ते शिंगरू शोधू या,” आरोही म्हणाली. “शेवंतीचं कुणीतरी समोर दिसलं, तर आजोबा जेवतील.”

“सहा वर्षांपूर्वीचं शिंगरू,” सिन्नरहून सुट्टीला आलेला चुलतभाऊ कुंदन म्हणाला. “तो काय मोबाईल आहे, रिंग दिली की सापडायला?”

“आसूढाळ नावाचं गाव असणार. आपण स्टँडवर विचारू.”

“मी पोळीचा डबा घेतो,” तिचा धाकटा भाऊ रोहित म्हणाला. “गाव लांब असलं तर?”

स्टँडवर कंडक्टरनं तिघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “आसूढाळ? तीस वर्षं तिकिटं फाडतोय मी. हे गाव कुठं सापडलं तर मलाही कळवा.”

“गावच गायब केलंस तू,” कुंदन म्हणाला.

आरोही पायरीवर बसून राहिली. मग म्हणाली, “गाव नसेल, तर घोड्याचा शब्द असेल. घोड्यांच्या माणसालाच विचारू.”

तसा एकच माणूस मुलांना माहीत होता. घोड्यांना नाल ठोकणारा पंचवटीतला रावजी नालबंद. ते पोचले तेव्हा तो आपल्या माणसावर खेकसत होता, “खूर नीट धर की लेका.” आरोहीचे पाय जागीच थबकले. पाट्यांमागून ऐकलेला आवाज हाच.

“आसूढाळ?” रावजी हातोडी खाली ठेवत म्हणाला. “घोड्याच्या डोळ्याखाली केसांचा भोवरा असला, तर त्याला म्हणत्यात. आसू ढाळतो म्हणून आसूढाळ. असलं जनावर बांधलं की घरात रडं येतं, असं जुनी माणसं मानायची. मीबी मानायचो. बोलून गेलो तुमच्या आजोबांपाशी.”

“आणि शिंगरू?”

“सायखेड्याला झुंबरकडं हाय. चारा वाहती. मीच नाल मारतो तिला.” त्यानं हातोडी पुन्हा उचलली. “पण डोळ्याखाली भाजल्याचा डाग हाय, अन् तो डोळा गेलाय. भोवरा जाळला की दिसत नाय, मग गिऱ्हाईक मिळतं. असं करणारे असत्यात बाजारात.”

“तुम्ही आजोबांना सांगितलं नाही, ती कुठं आहे ते?”

“सहा वर्षांत त्यांनी एकदाबी विचारलं नाय, बाळा.”

रावजीला दुसऱ्या दिवशी सायखेड्यालाच जायचं होतं. आजीची परवानगी काढून मुलं त्याच्याबरोबर एसटीत बसली. खिडकीतून द्राक्षबागा मागं पळत होत्या. शिंगरू जन्मलं तेव्हा आजीनं रचलेली ओवी आरोहीच्या ओठांवर आली.

“शेवंतीच्या ग पोटी, चंद्र उतरला काळा
दृष्ट काढू मी किती, मीठ पुरेना ग बाळा”

“मीठ कमीच पडलं,” कुंदन हळूच म्हणाला. या वेळी तो चेष्टा करत नव्हता.

रावजी दुसऱ्या वस्तीवर नाल मारायला गेला आणि मुलांना झुंबरचं अंगण दाखवून गेला. तिथं पिकअप उभी होती. काळी घोडी नटवून बांधली होती. कपाळावर लाल गोंडे, डोळ्यावर विंचरलेली आयाळ. बरगड्या मात्र मोजता येत होत्या. धुळ्याकडचा एक वरातवाला तिला घ्यायला आला होता.

“काटा लागला डोळ्याला, बाकी घोडी सोनं हाय,” झुंबर त्याला सांगत होता. “खोड म्हणून एक नाय.”

आरोहीनं गोंड्यांखाली वाकून पाहिलं. डाग कुठंच नव्हता. मग तिला गव्हाणीमागं काहीतरी दिसलं: सहाणेवर उगाळलेला कोळसा. तिनं रोहितच्या कानात सांगितलं.

“काका, घोडी तापलीय,” रोहित भाबडा चेहरा करून म्हणाला, आणि कुणी अडवायच्या आत त्यानं पाण्याची अख्खी बाटली तिच्या कपाळावर उपडी केली.

“अरे बापरे,” कुंदन मोठ्यानं म्हणाला, “घोडी काळं रडतेय.”

खरंच, मिटल्या डोळ्याखालून काळा ओघळ उतरत होता आणि त्यामागून गुलाबी, केस नसलेला डाग उघडा पडत होता. वरातवाला दोन पावलं मागं सरला. “डागलेली हाय ही. आसूढाळ झाकायलाच डागत्यात. नवरदेव बसवू हिच्यावर?” तो पिकअपमध्ये बसला आणि निघून गेला.

झुंबरनं आधी मुलांकडं रागानं पाहिलं, मग घोडीकडं, आणि ओट्यावर मटकन बसला. ही आजोबांच्या शेवंतीची पोर, असं आरोहीनं सांगितलं, तसा तो म्हणाला, “चाऱ्याचं कामबी होत नाय आता हिच्याच्यानं. बोलवा तुमच्या आजोबाला. घेऊन जा.”

आरोहीनं घरी फोन लावला.

दुपारी शेजारच्या महेशकाकांच्या टेम्पोतून आजी-आजोबा उतरले. आजीनं तिन्ही मुलांच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. “मोठ्या माणसांना सुचलं नाय ते माझ्या लेकरांनी केलं.” झुंबरसुद्धा म्हणाला, “पोरं तल्लख हायती, मावशी. मला पुरतं फसवलं.”

आजोबा हळूहळू घोडीकडे गेले. सकाळपासून तिनं रोहितला मान खाजवू दिली होती, कुंदनच्या हातून रोहितच्या डब्यातली पोळी खाल्ली होती. पण आजोबांचा हात तोंडाजवळ आला, तशी ती मागच्या पायांवर उभी राहिली. खुंटा उपटला. भिंतीला अंग घासत ती कोपऱ्यात शिरली आणि थरथरत राहिली.

“अशी कुणालाच करत नाय ही,” झुंबर म्हणाला.

“आजोबा, तिनं तुम्हाला ओळखलं नाही,” रोहित म्हणाला. “रोज आलो तर ओळखेल.”

“वळखलं, बाळा.” आजोबांचा हात तसाच हवेत राहिला. “बराबर वळखलं तिनं.”

आजी त्यांच्याकडं पाहू लागली.

“डाग बाजारात नाय दिला कुणी, मालन. आपल्याच गोठ्यात, मी दिला. विळा तापवून. वाटलं, भोवरा तेवढा जाईल अन् बरं घर मिळंल पोरीला. तिनं मान झटकली.” आजोबा जमिनीकडं पाहत होते. “शेवंती समोरच बांधल्याली व्हती. समदं पाहिलं तिनं. अन् दुसऱ्या दिशी, मी टांग्याचा साज पुढं केला, तर मान खाली घालून आपसूक उभी राहिली.”